अर्ध्या खेळाडूंचा खेळ

ग्वाल्हेरचे लष्कर मराठी माणसाला परके नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी टाकली. ती पुढे उठलीच नाही, तिचे शहर झाले आणि नाव तेवढे फौजेचे राहिले. या लष्करापासून फार दूर नसलेल्या कॅप्टन रूपसिंग क्रीडांगणावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. १४७ चेंडू, २५ चौकार, ३ षटकार हा हिशेब आज शाळकरी मुलांनाही तोंडपाठ आहे. सलामीला आलेला हा फलंदाज पन्नासावे षटक संपेपर्यंत खेळपट्टीवर उभा होता.

आता समजा, इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२३ पासून चालू असलेला ‘इम्पॅक्ट प्लेयर’चा नियम त्या दिवशी लागू असता. पन्नास षटके खेळून थकलेला, छत्तीस वर्षांचा सचिन डाव संपताच तंबूत परतून पाय पसरून बसू शकला असता आणि त्याच्या जागी ताज्या दमाचा एखादा गोलंदाज मैदानात उतरला असता. यात वावगे ते काय, असे पुष्कळांना वाटेल. ज्याला जे उत्तम जमते तेवढेच त्याने करावे आणि उरलेले दुसऱ्यावर सोपवावे. कारखान्यात असेच चालते आणि उत्पादनही वाढते. क्रिकेट हा कारखाना आहे की खेळ, एवढाच काय तो प्रश्न. तो दिसतो तितका साधा नाही, कारण त्यावर आपल्या आधी दुसऱ्या एका देशाने पन्नास वर्षे वाद घातला आहे.

हा देश म्हणजे अमेरिका आणि खेळ बेसबॉल. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. मूळ नियमाप्रमाणे इतर सर्वांसारखे त्यालाही आपली पाळी आली की दांडू घेऊन उभे राहावे लागे. त्याचा सारा सराव फेकण्याचा, त्यामुळे मारण्याच्या नावाने बहुधा शून्य. फिलाडेल्फियाच्या संघाचे व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी १९०६ मध्येच सुचवले होते की, पिचरऐवजी दुसऱ्या कोणाला तरी मारू द्यावे. ती सूचना त्या वेळी कोणी मनावर घेतली नाही. पुढे १९६८ च्या हंगामात पिचर इतके वरचढ झाले की धावा आटल्या. दुसऱ्या वर्षी पिचर ज्या उंचवट्यावरून फेकतो तो पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणण्यात आला. तरीही अमेरिकन लीगच्या सामन्यांना नॅशनल लीगच्या मानाने गर्दी कमीच राहिली. तेव्हा ओकलंडच्या संघाचे मालक चार्ली फिन्ली यांच्यासारख्यांनी जोर लावला आणि ११ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकन लीगने ‘डेझिग्नेटेड हिटर’चा नियम मंजूर केला. पिचरच्या पाळीला एक नेमलेला गडी येणार, तो फक्त मारणार. क्षेत्ररक्षणाशी त्याचा संबंध नाही. ६ एप्रिल १९७३ रोजी बोस्टनच्या मैदानावर न्यूयॉर्क यांकीज संघाचा रॉन ब्लोमबर्ग हा असा पहिला गडी ठरला. गंमत अशी की, केवळ मारण्यासाठी नेमलेला हा पुरुष पहिल्या पाळीत चेंडू न मारताच, पिचरच्या चार वाइट फेकींमुळे पहिल्या तळावर चालत गेला. (आणखी गंमत म्हणजे त्यानंतर अठराच दिवसांनी मुंबईत सचिन तेंडुलकरचा जन्म झाला. पण हा निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध होत नाही.)

अमेरिकन लीगची फलंदाजीची सरासरी १९७२ मध्ये दर हजारी २३९ होती, ती १९७३ मध्ये २५९ झाली. नियम ज्या कामासाठी आणला ते काम त्याने केले, हे विरोधकांनाही मान्य करावे लागले. परंतु नॅशनल लीग बधली नाही. एकच देश, एकच खेळ आणि दोन कायदे, असा प्रकार जवळजवळ अर्धे शतक चालला. दोन्ही लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका असे तेव्हा, १९८६ पासून, सामना ज्याच्या घरी त्याचा नियम अशी तडजोड करावी लागली. शेवटी महामारीच्या २०२० सालात नॅशनल लीगने तो तात्पुरता स्वीकारला आणि २०२२ पासून कायमचा.

नॅशनल लीगच्या पक्षपात्यांचे म्हणणे केवळ परंपरेच्या हट्टाचे नव्हते. सामना बरोबरीत आहे, पिचर उत्तम फेकतो आहे आणि नेमकी त्याची मारण्याची पाळी आली आहे. त्याला मारू द्यावे, तर एक पाळी वाया जाणार. त्याच्या जागी मारणारा पाठवावा, तर चांगला पिचर त्या सामन्यापुरता कायमचा जाणार. काय करावे? हा पेच म्हणजेच खेळ, असे ते सांगत. नव्या नियमाने पेच सुटला असे म्हणण्यापेक्षा तो काढून टाकला असे म्हणणे अधिक बरोबर होईल. आमच्या मते या वादातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि क्रिकेटला ती जशीच्या तशी लागू पडते. क्रिकेटच्या कर्णधाराचाही जुना पेच हाच आहे. सहावा फलंदाज खेळवावा की पाचवा गोलंदाज? एक घ्यावा तर दुसरीकडे भोक पडते. ते भोक बुजवणारा जो असतो, त्याला आपण अष्टपैलू म्हणतो.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटने असा प्रयोग यापूर्वी एकदा केला आणि सोडूनही दिला. जुलै २००५ मध्ये एकदिवसीय सामन्यांत ‘सुपरसब’ नावाचा बदली खेळाडू आला. त्याचे नाव नाणेफेकीपूर्वी द्यावे लागे. त्यामुळे नाणेफेक जिंकणाऱ्याला तो हवा तसा उपयोगी पडे आणि हरणाऱ्याच्या तो गळ्यात पडे. वर्ष पुरे व्हायच्या आत, २००६ च्या आरंभीच, तो नियम गुंडाळण्यात आला. आपल्या नियामक मंडळाने ही चूक मात्र ओळखली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत आणि पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये आलेल्या नव्या नियमात संघाजवळ राखीव नावांची यादी असते आणि तीतला एक गडी सामना रंगात आल्यावर, परिस्थिती पाहून आत आणता येतो. बाहेर गेलेल्याने आपली चारही षटके टाकलेली असली तरी आत येणाऱ्याला पुन्हा चार षटके टाकता येतात. म्हणजे पाहिजे तेव्हा सातवा फलंदाज, पाहिजे तेव्हा सहावा गोलंदाज. भोक पडण्याची भीतीच उरली नाही! ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादेत लीगमधला असा पहिला गडी म्हणून चेन्नईने कल्याणच्या तुषार देशपांडेला अंबाती रायडूच्या जागी आणले, तेव्हा त्याच्या ३.२ षटकांत ५१ धावा फटकावल्या गेल्या आणि चेन्नई हरली. ब्लोमबर्गसारखाच अपशकुन. पण एका रात्रीच्या अपयशावरून नियमाची पारख करू नये, आणि आम्हीही करीत नाही.

पारख करायची ती रोग आणि औषध यांच्या नात्यावरून. १९७३ मध्ये अमेरिकन लीग खरोखर आजारी होती. धावा आटल्या होत्या, प्रेक्षक पांगत होते. तिला औषधाची गरज होती. प्रीमियर लीगला २०२३ मध्ये कोणता आजार झाला होता? मैदाने भरलेली होती, प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी हजारो कोटी मोजले जात होते आणि धावांचा दुष्काळ तर स्वप्नातही नव्हता. २०२२ च्या हंगामात दोनशे किंवा अधिक धावांचे डाव १८ झाले होते. नियम आल्यावर २०२३ मध्ये ते ३७ झाले आणि २०२४ मध्ये ४१. १५ एप्रिल २०२४ रोजी हैदराबादने बंगळूरविरुद्ध वीस षटकांत २८७ धावा केल्या. त्याच महिन्यात कोलकात्याच्या २६१ धावाही पंजाबने सहज ओलांडल्या. सपाट खेळपट्ट्या, आखूड सीमारेषा आणि फलंदाजांची वाढलेली ताकद यांचाही यात वाटा आहे. सगळे खापर एका नियमावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु आठव्या क्रमांकावरही धड फलंदाज बसला आहे हे ठाऊक असलेला सलामीवीर पहिल्या चेंडूपासून आंधळेपणाने दांडपट्टा फिरवतो, हे कोणीही बघणारा सांगेल. बाद होण्याची किंमत उतरली की बळी घेण्याचे मोलही उतरते. निरोगी माणसाला ताकदीचे औषध पाजले की जे होते, ते येथे झाले.

मुंबईच्या रोहित शर्माने एप्रिल २०२४ मध्ये हे उघडपणे बोलून दाखवले. क्रिकेट अकरांचा खेळ आहे, बारांचा नव्हे. या नियमाने अष्टपैलू खेळाडूंची वाढ खुंटेल. शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर यांना गोलंदाजीच मिळत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. भारताचा कर्णधार लीगच्या हंगामात लीगच्या नियमाविरुद्ध बोलला, हे धाडसच. पुढे २०२५ मध्ये त्याच रोहितला त्याच्या संघाने अनेकदा केवळ फलंदाजीपुरते, याच नियमाने वापरले. यात त्याचा दोष नाही. नियम हाताशी असेल तर कोणताही संघ तो वापरणारच. तारुण्यात याच लीगमध्ये, २००९ साली, हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडून गोलंदाजी करताना मुंबईविरुद्ध लागोपाठ तीन बळी घेणारा हा गृहस्थ, हे मात्र ज्यांना आठवत असेल त्यांना थोडी चुटपुट लागली असेल.

मंडळाचे तेव्हाचे सचिव जय शाह यांनी नियमाची बाजू मांडताना सांगितले की, यामुळे प्रत्येक सामन्यात आणखी दोन भारतीय खेळाडूंना संधी मिळते. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. आमच्या एखाद्या गोमंतकीय मुलाला त्या निमित्ताने मोठ्या मैदानावर पाऊल ठेवायला मिळाले तर आम्हालाही आनंदच होईल. परंतु संधी मिळते ती कोणत्या प्रकारच्या खेळाडूला आणि जाते ती कोणाची, हेही सांगितले पाहिजे. बाराव्या जागेवर येतो तो निखळ फलंदाज किंवा निखळ गोलंदाज. त्यासाठी झाकला जातो तो दोन्ही थोडेथोडे येणारा, अजून पक्का न झालेला मुलगा, ज्याला दर सामन्यात दोन षटके मिळाली असती तर तीन वर्षांत तो तयार झाला असता. तो संघात असतो, कधी चमकतोही; पण अर्धाच.

२०२४ च्या उन्हाळ्यात लीगमध्ये दुबेने गोलंदाजी जवळजवळ केलीच नाही. त्यानंतर महिनाभरातच भारत विश्वचषकासाठी गेला आणि २९ जूनला बार्बाडोस येथे दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून जिंकला. ३ बाद ३४ अशा अवस्थेत वरच्या क्रमांकावर पाठवलेला अक्षर पटेल मूळचा फिरकी गोलंदाज. त्याने ४७ धावा काढून विराट कोहलीला साथ दिली. दुबेने १६ चेंडूंत २७ केल्या. शेवटचे षटक टाकले हार्दिक पंड्याने. आंतरराष्ट्रीय सामन्यात बाराव्याची मुभा नाही. तेथे अकरांतच सारे भागवावे लागते, म्हणून अष्टपैलूंच्या खांद्यावरून तो चषक घरी आला. आपल्याच देशात आपण ज्या जातीचे झाड छाटतो, त्याच झाडाचे फळ परदेशात जाऊन तोडतो, असा हा व्यवहार आहे.

पुन्हा ग्वाल्हेरला यावे लागते. २०१० च्या त्या सामन्यानंतर या शहराने चौदा वर्षे आंतरराष्ट्रीय सामना पाहिला नव्हता. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी शहराबाहेरच्या शंकरपूर येथील नव्या माधवराव शिंदे क्रीडांगणावर भारत आणि बांगलादेश समोरासमोर आले आणि नितीशकुमार रेड्डी नावाच्या मुलाने भारताकडून पहिला सामना खेळला. दोन षटके टाकली, नाबाद १६ धावा केल्या. विशेष काही नाही. तीन दिवसांनी दिल्लीत त्याने ७४ धावा करून दोन बळी घेतले आणि डिसेंबर संपण्यापूर्वी मेलबर्नच्या कसोटीत आठव्या क्रमांकावर येऊन शतक ठोकले. ग्वाल्हेरच्या त्या दोन षटकांना कोणी ‘इम्पॅक्ट’ म्हणणार नाही. तरीही कर्णधाराला ती दोन षटके त्याच्याकडून टाकून घ्यावीशी वाटली, यातच त्या मुलाचे शिक्षण होते.

ज्या स्पर्धेत हा नियम प्रथम अजमावला गेला, तिच्या नावातच या नियमावरचा पुरेसा अभिप्राय आहे. इंदूरचे सय्यद मुश्ताक अली १९३४ मध्ये कलकत्त्याला प्रथम कसोटी खेळले ते मुख्यतः डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. दोनच वर्षांनी मँचेस्टरला विजय मर्चंट यांच्याबरोबर सलामीला जाऊन त्यांनी ११२ धावा काढल्या. परदेशात भारतीयाने केलेले ते पहिले कसोटी शतक. त्या काळी ‘तू गोलंदाज, तुझ्या वाटची फलंदाजी दुसरा करील’ असे सांगणारा नियम असता, तर भारताला हा सलामीवीर मिळाला असता का? मुंबईचा रवी शास्त्री १९८१ मध्ये वेलिंग्टनला दहाव्या क्रमांकावर खेळणारा फिरकी गोलंदाज होता. १९९२ मध्ये सिडनीला सलामीला येऊन त्याने २०६ केल्या. आणि ग्वाल्हेरचा तो द्विशतकवीर? पोरवयात त्याला वेगवान गोलंदाज व्हायचे होते. मद्रासच्या शिबिरात डेनिस लिलीने त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितले, हे खरे. पण गोलंदाजी त्याने सोडली नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये कलकत्त्याला हीरो कपच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना अझरुद्दीनने चेंडू त्याच्या हाती दिला आणि त्याने तीनच धावा दिल्या. प्रतिस्पर्धी तेव्हाही दक्षिण आफ्रिकाच. एकदिवसीय सामन्यांत त्याच्या नावावर १५४ बळी आहेत. त्याला कोणी ‘नेमलेला फलंदाज’ केले असते तर यांतला एकही नसता.

ग्वाल्हेरच्या गाण्याला अष्टांग गायकी म्हणतात. आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, मींड, गमक, लयकारी अशी सारी अंगे एका गळ्यातून निघाली पाहिजेत, हा त्या घराण्याचा दंडक. लष्करात १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढणारे कृष्णराव शंकर पंडित हे याच परंपरेतले. या पेठेतल्या बैठकीत एखाद्या गवयाने आलाप संपताच तंबोरा खाली ठेवून ताना घेण्यासाठी दुसऱ्याला पुढे बसवले असते, तर श्रोत्यांनी काय केले असते? त्या दुसऱ्याच्या ताना कदाचित अधिक दाणेदार असतील. पण बैठक तिथेच उठली असती.

विरुद्ध बाजूचे एक उदाहरण आम्ही लपवून ठेवू इच्छित नाही. जपानचा शोहेई ओहतानी हा आजच्या बेसबॉलमधला अजोड अष्टपैलू. तो फेकतोही आणि मारतोही. कोपराच्या दुखापतीमुळे २०२४ मध्ये तो फेकू शकला नाही, तेव्हा याच ‘डेझिग्नेटेड हिटर’च्या नियमाने त्याला मैदानात ठेवले आणि त्या हंगामात त्याने ५४ होमरन मारले. म्हणजे हा नियम अष्टपैलूला तारूही शकतो. परंतु त्याच ओहतानीसाठी २०२२ मध्ये अमेरिकनांना एक खास कलम लिहावे लागले होते : पिचर म्हणून बाहेर पडल्यावरही त्याला मारणारा म्हणून राहता यावे. पन्नास वर्षे खेळाडूची दोन शकले करून झाल्यावर एक सबंध खेळाडू समोर आला, तर त्याला बसवायला कायद्यात जागाच नव्हती. आपल्या नियमात तर तेवढीही सोय नाही आणि आपल्याकडे ओहतानीची वाट पाहायला पन्नास वर्षे कोणी थांबणार नाही.

मंडळाला हे कळत नाही असे नव्हे. २०२४-२५ च्या मुश्ताक अली स्पर्धेतून त्याने हा नियम काढून टाकला. मग जो नियम राज्याराज्यांच्या संघांना अपायकारक ठरला, तो लीगमध्ये २०२५ ते २०२७ या तीन हंगामांसाठी कायम का ठेवला? त्याचे सरळ उत्तर असे की, लीग हा तमाशा आहे आणि तमाशाला षटकार लागतात. हे उत्तर मोकळेपणाने दिले असते तर आम्ही निदान त्याच्या प्रामाणिकपणाची कदर केली असती. भारतीय मुलांच्या संधीचा आडोसा घेण्याची गरज नव्हती.

गोव्यासारख्या लहान राज्याला या प्रश्नाची झळ अधिक लागते. रणजी स्पर्धेत गोव्याचा प्रवेश १९८५-८६ चा. मुंबई-कर्नाटकासारखी निष्णात गोलंदाजांची आणि फलंदाजांची दुहेरी रांग आमच्याकडे कधी नव्हती. लहान संघ उभा राहतो तो दोन-दोन कामे करणाऱ्यांच्या जिवावर. डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीला राजस्थानविरुद्ध अर्जुन तेंडुलकर रणजीचा पहिला सामना गोव्याकडून खेळला. घेतले होते त्याला डावखुरा जलद गोलंदाज म्हणून आणि केले त्याने शतक, १२० धावा. ग्वाल्हेरच्या द्विशतकवीराचा मुलगा, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचा गाजावाजा केला. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटले ते एवढेच की, सातव्या क्रमांकावर येणाऱ्या गोलंदाजाला त्या दिवशी फलंदाजी करणे भाग होते.

मोठ्या लीगमध्ये जे दिसते ते गल्लीत उतरायला वेळ लागत नाही. म्हापशाच्या किंवा मडगावच्या जाळ्यांत सराव करणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचा बाप आताच प्रशिक्षकाला विचारू लागेल की, याने दोन्हींत वेळ कशाला घालवायचा. लिलावात भाव फलंदाजाला आहे. त्या बापाला दोष देता येत नाही. दोष देता येईल तो शाळांच्या आणि तालुक्यांच्या स्पर्धांत हौसेने बारावा गडी आणणाऱ्या आयोजकांना. गोवा क्रिकेट संघटनेने आपल्या छत्राखालच्या सर्व वयोगटांच्या स्पर्धांपुरता तरी हा नियम स्पष्ट शब्दांत निषिद्ध करावा. २०२७ चा हंगाम संपल्यावर लीगच्या नियमांचा पुन्हा विचार होईल, तेव्हा लहान राज्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन मंडळाच्या सभेत हा विषय मांडावा. मते त्यांच्याही हातात आहेत. सभेला जाताना त्यांनी मुश्ताक अलींच्या १९३४ आणि १९३६ या दोन सामन्यांची धावपत्रके सोबत न्यावीत आणि तीच सभासदांपुढे ठेवावीत.